पुस्तक विकावं, वाचूनही दाखवावं
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या वर्ध्यात माझ्या ओळखीच्या एका तरुणानं पुस्तकांचं दुकान काढलं आहे. दुकान फार मोठं नाही. पुढच्या बाजूला शाळेच्या वह्या, गाईडं आणि स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे. त्यांच्यावर दुकानाचं भाडं निघतं. मागच्या दोन कपाटांत कथा, कादंबऱ्या, चरित्रं. त्यांच्यावर त्याचा जीव. एके दिवशी तो मला म्हणाला, "काका, महिन्यातून एका रविवारी दुकानात दहाबारा माणसं बसवायची, एक पुस्तक ठरवायचं आणि त्याच्यावर बोलायचं, असं मनात आहे. पण बायको म्हणते, हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे. आपल्या वर्ध्यात चालन काय?"

त्याला तिथल्या तिथे मी काही बोललो नाही. पुण्या-मुंबईत हे झालेलं आहे, यात शंका नाही. मॅजेस्टिकसारख्या पुस्तकविक्रेत्यांनी लेखक-वाचकांच्या गप्पा घडवून आणल्या. १९७४ साली 'ग्रंथाली'नं वाचक चळवळ या नावानंच काम सुरू केलं. तेव्हा वहिनींचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण घरी येऊन विचार करू लागलो आणि वाटलं, की ज्या जिल्ह्यात पुस्तक छापण्याआधीच त्याचा वाचकवर्ग भरला होता, त्या जिल्ह्यातल्या माणसानं हा प्रश्न विचारावा, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

विनोबा वर्ध्याला आले ते ८ एप्रिल १९२१ रोजी. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून इथे आश्रम सुरू करायचा होता. १९२३ मध्ये त्यांनी 'महाराष्ट्र धर्म' हे मासिक काढलं. पुढे ते साप्ताहिक झालं आणि तीनएक वर्षं चाललं. आज त्याचे अंक कुणी फारसे पाहत नाही, पण त्यातले लेख 'मधुकर' या पुस्तकात वाचायला मिळतात. मला मात्र सांगायचं आहे ते 'गीताई'बद्दल.

'गीताई'ची जन्मकथा बहुतेकांना ठाऊक असते. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता कळेना. मुलानं मराठी समश्लोकी आणून दिली, तर तीही जड वाटू लागली. मग तूच का करत नाहीस, असं आईनं विचारलं. आई १९१८ मध्ये गेली. मुलानं काम हाती घेतलं ते ७ ऑक्टोबर १९३० रोजी आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते संपवलं. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढची गोष्ट त्या मानानं कमी सांगितली जाते. हस्तलिखित तयार झाल्यावर विनोबांनी ते थेट छापखान्यात धाडलं नाही. आश्रमातल्या लहान मुलींचा एक वर्ग घेतला आणि तो मजकूर त्यांना शिकवला. मुली कुठे अडखळतात, कोणता शब्द त्यांना कळत नाही, हे टिपून ठेवलं आणि त्याप्रमाणे ठिकठिकाणी दुरुस्ती केली. मग १९३२ साली 'गीताई' छापून आली.

संस्कृतचा एवढा जाणकार माणूस, आणि त्यानं आपल्या पुस्तकाचे परीक्षक म्हणून निवडलं कुणाला? तर आश्रमातल्या पोरींना. लेखकानं वाचकांपुढे बसून त्यांच्या शंका ऐकायच्या, ही आजच्या वाचककट्ट्यांची रीत. इथे ती पुस्तक छापण्याच्या आधीच पाळली गेली. 'गीताई' लाखोंनी खपली, हे आपण कौतुकानं सांगतो. त्या खपाचं एक कारण मला या वर्गात दिसतं. ज्या ओळीवर एखादी मुलगी अडली, ती ओळ पुढे शेतकऱ्याला अडली नाही.

१९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं झाली. अठरा रविवार, एकही खाडा नाही. समोर राजबंदी बसलेले, त्यांत जमनालाल बजाज आणि साने गुरुजी. साने गुरुजींनी ती भाषणं उतरवून घेतली, म्हणून 'गीता-प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती आहे. श्रोत्यांमधल्याच एकानं लेखणी धरली नसती, तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतींतच विरून गेले असते. गाजलेलं पुस्तक हे एकट्या लेखकाचं नसतं, निदान आमच्या भागात तरी नव्हतं.

हे वाचण्याचं झालं. आता विकण्याकडे येतो. पुस्तक विकणं आपल्याकडे जरा खालच्या पायरीचं मानलं जातं. लेखक वर, प्रकाशक मधे आणि विक्रेता शेवटी. गांधीजींना तसं वाटत नव्हतं. ६ एप्रिल १९१९, रौलेट कायद्याविरुद्धच्या हरताळाचा दिवस. मुंबईत त्या संध्याकाळी सरकारनं बंदी घातलेली पुस्तकं उघड विकायची ठरली होती. 'हिंद स्वराज्य' आणि रस्किनच्या पुस्तकाच्या आधारानं लिहिलेलं 'सर्वोदय', ही त्यांतली दोन. गांधीजी स्वतः मोटारीत बसून विकायला निघाले. दुसऱ्या बाजूला सरोजिनी नायडू. किंमत चार आणे. पण चारच आणे देणारा विरळा. लोकांनी पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या नोटा पुढे केल्या. एक प्रत तर पन्नास रुपयांना गेली. हे पुस्तक घेतलंत तर तुम्हालाही अटक होऊ शकते, हे घेणाऱ्याला आधी बजावून सांगितलं जात होतं. एवढं करून सरकारनं काय म्हणावं? बंदी जुन्या आवृत्तीवर होती, ही नवी छपाई आहे, सबब गुन्हा नाही! गांधीजींनी आत्मकथेत हे लिहिलं आहे आणि त्यामुळे मंडळी कशी हिरमुसली, तेही लिहिलं आहे.

हे गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगावी राहायला गेले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. शेगावी येऊन पंधरवडा होतो न होतो तोच, १५ मे १९३६ रोजी, मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक इंग्रजी पुस्तक स्वतःच छापून प्रसिद्ध केलं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेलं ते अध्यक्षीय भाषण. मंडळानं त्यात बदल सुचवले, बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषद रद्द झाली. मराठी वाचक ते पुस्तक जातिनिर्मूलनाचं पुस्तक म्हणून ओळखतो. पंधराशे प्रती काढल्या होत्या. दोन महिन्यांत सगळ्या संपल्या.

जुलैमध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या पुस्तकावर लिहिलं. त्यांनी केलेलं वर्णसमर्थन आणि त्यावरचा वाद आपल्याला माहीत असतो. पण त्या लेखात एक अगदी दुकानदारी वाक्य आहे, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पुस्तकाची किंमत आठ आणे ठेवली आहे, ती दोन आण्यांवर, निदान चार आण्यांवर आणावी, अशी सूचना गांधीजींनी केली आहे. जे पुस्तक आपल्या मतांच्या मुळावर घाव घालतं, ते स्वस्त व्हावं आणि जास्त लोकांनी वाचावं, असं म्हणणारा विरोधक! सुधारणेची आस्था असलेल्या कुणालाही हे भाषण डावलता येणार नाही, असंही त्यांनी म्हटलं, आणि भाषण न ऐकणाऱ्या स्वागतमंडळाला बोल लावला.

बाबासाहेबांनी काय केलं? १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना गांधीजींचे ते लेख पुस्तकाला जोडून छापले आणि त्यापुढे आपलं उत्तर छापलं. ते उत्तर सौम्य नाही. कुणाची भीड न ठेवता लिहिलेलं आहे आणि युक्तिवादात, माझ्या मते, गांधीजींना भारी पडलेलं आहे. पण प्रतिपक्षाचं म्हणणं आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चानं, जसंच्या तसं द्यायचं आणि मग बोलायचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. लाहोरच्या सभागृहात जी चर्चा होऊ शकली नाही, ती त्या पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांच्या आत झाली.

योगायोग असा, की त्याच मे १९३६ मध्ये लंडनला व्हिक्टर गोलांझ या प्रकाशकानं 'लेफ्ट बुक क्लब' सुरू केला. महिन्याला एक नवं पुस्तक, सभासदांना अडीच शिलिंगांत, नारिंगी रंगाच्या बांधणीत. सभासद सत्तावन्न हजारांपर्यंत गेले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावोगावी हजाराच्या वर वाचकगट उभे राहिले. सभासदांनी ते महिन्याचं पुस्तक वाचून एकत्र बसायचं आणि फॅसिझम, बेकारी, युद्ध यांवर बोलायचं. युद्धानंतर तो क्लब ओसरला आणि १९४८ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर सेवाग्रामला जमलेल्या कार्यकर्त्यांच्या संमेलनातून सर्व सेवा संघाची वाट मोकळी झाली. लंडनच्या क्लबाला सभासदांची वर्गणी होती, टपाल होतं, वाचकाला घरपोच पुस्तक होतं. इथे यातलं काही नव्हतं. इथे पुस्तक पायांनी पोचवायचं होतं.

मार्च १९५१ मध्ये विनोबा इथून पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणात पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली. ते पवनारला परतले एप्रिल १९६४ मध्ये. तेरा वर्षांच्या या चालण्यात जमीन किती मिळाली, त्यातली किती वाटली गेली, यावर टीकाही पुष्कळ झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण या पदयात्रेबरोबर पुस्तकविक्रीही चालत होती, हे आपण विसरतो. मुक्कामाच्या गावी सभेच्या जागी पुस्तकं मांडली जात. 'गीता-प्रवचने'ची प्रत विकत घेणाऱ्याला विनोबा त्यावर स्वाक्षरी करून देत. नुसत्या वहीवर सही घेण्यापेक्षा पुस्तक घ्या, हा त्यांचा व्यवहार. हल्ली प्रकाशनसमारंभात लेखक टेबलाशी बसून सह्या देतात, त्याला आपण नवी विक्रीकला समजतो!

सर्व सेवा संघानं प्रकाशन काढलं, अनेक रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर सर्वोदय साहित्याचे स्टॉल उभे राहिले. रेल्वे आणि हे साहित्य यांचं नातं जुनंच म्हणायचं. १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टेशनवर पोलकनी रस्किनचं पुस्तक गांधीजींच्या हाती दिलं आणि गाडीतल्या त्या रात्री गांधीजींना झोप आली नाही. इकडे पवनारला १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. आश्रमात जाणारा माणूस धाम नदी पाहतो, खोदताना सापडलेली भरत-रामाची मूर्ती पाहतो आणि निघताना पुस्तकांच्या मांडणीपाशी थबकतो. माझ्या खिशात बसणारी 'गीताई' मी तिथूनच घेतली. रोज साडेदहाला तिथे विष्णुसहस्रनाम म्हटलं जातं. पुस्तक हे मोठ्यानं, मिळून म्हणायचं असतं, हा इथला जुना संस्कार. गोपुरीचं गीताई मंदिर बघा. ७ ऑक्टोबर १९८० रोजी, म्हणजे 'गीताई' लिहायला घेतली त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ते खुलं झालं. त्याला छप्पर नाही. दगडी शिळांवर अठराही अध्याय कोरले आहेत आणि वाचणाऱ्यानं चालत चालत वाचायचे आहेत.

पण केवळ आश्रमांचीच गोष्ट सांगितली, तर ती अर्धीच राहील. आमच्या जिल्ह्यातला खरा वाचकवर्ग खेड्यांत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 'ग्रामगीता' १९५५ साली आली. एकेचाळीस अध्याय. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर तिच्या ओव्या वाचल्या जातात आणि गावातली नाली, शाळा, दारू यांवर बोलणं निघतं. एक वाचतो, बाकीचे ऐकतात. ज्यांना अक्षरओळख नाही तेही या वाचकगटाचे सभासद.

दुसरा प्रवाह बौद्ध विहारांचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटरवर. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आधी इंग्रजीत प्रसिद्ध झाला. आज वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहाराविहारांत त्याचं क्रमानं वाचन चालतं. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून येतात. शाळेत जाणारी एखादी पोरगी वाचते. वाचता वाचता ती थांबली, तर मागून कुणीतरी म्हणतं, "वाच ना बाई, पुढं काय झालं?" आणि हे ग्रंथ येतात कुठून? पुष्कळसे दीक्षाभूमीवरून. दसऱ्याला तिथे पुस्तकांची दुकानं किती लागतात आणि माणसं डोक्यावरच्या गाठोड्याबरोबर पुस्तकांच्या पिशव्या कशा नेतात, हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं 'मराठी माणूस पुस्तकं घेत नाही' हे वाक्य उच्चारू नये. मी स्वतः ते वाक्य भाषणांत पुष्कळ वेळा वापरलं होतं. एकदा तिथे जाऊन आलो आणि सोडून दिलं.

आता एक दुःखाची गोष्ट. सर्व सेवा संघाचं मुख्यालय सेवाग्रामला असलं, तरी प्रकाशनाचा कारभार वाराणसीत राजघाटच्या परिसरातून चाले. त्या जागेच्या मालकीवरून रेल्वेशी वाद होता. २२ जुलै २०२३ रोजी पोलीस बंदोबस्तात तो परिसर रिकामा करण्यात आला, पुस्तकं बाहेर काढली गेली आणि १२ ऑगस्टला इमारती पाडल्या गेल्या. कायद्याच्या बाजू काय असतील त्या असोत. ज्या रेल्वेच्या फलाटांवर ही पुस्तकं विकली गेली, त्याच रेल्वेशी झालेल्या जागेच्या भांडणात ती उघड्यावर आली. ती छायाचित्रं पाहून वर्ध्यात आम्हाला घरचं सामान रस्त्यावर आल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, मी एक वेगळं दृश्य पाहिलं होतं. वर्ध्यात अखिल भारतीय साहित्य संमेलन याआधी १९६९ मध्ये झालं, पु. शि. रेगे अध्यक्ष होते. त्यानंतर ३ ते ५ फेब्रुवारी २०२३ ला शहाण्णवावं संमेलन स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर भरलं. अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर. आणि त्याच दिवसांत ४ आणि ५ तारखेला सर्कस मैदानावर सतरावं विद्रोही साहित्य संमेलन, अध्यक्ष चंद्रकांत वानखडे. एकाच गावात दोन मांडव. वर्तमानपत्रांनी या दोहोंचा सामना रंगवला. मी दोन्हीकडे गेलो. सकाळी इकडच्या गाळ्यावर पुस्तक चाळत असलेली काही माणसं दुपारी तिकडच्या गाळ्यावर भेटली. हातात दोन्हीकडच्या पिशव्या. व्यासपीठावरच्यांनी एकमेकांना काय ऐकवायचं ते ऐकवलं. वाचकानं मात्र आपल्या पिशवीत दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवली होती. १९३७ च्या त्या आवृत्तीची मला तिथेच आठवण झाली.

हे सगळं मी त्या तरुण दुकानदाराला एकदा बसून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दुकानदाराचाच प्रश्न विचारला. "ते सगळं ठीक काका, पण पहिलं पुस्तक कोणतं घ्यायचं?" मी म्हटलं, जातिनिर्मूलनाचं घे, ज्यात गांधीजींचे लेख आणि बाबासाहेबांचं उत्तर दोन्ही आहेत असं. तो जरा बिचकला. दुकानात भांडणं होतील, म्हणाला. मग म्हणाला, सगळ्यांना प्रती घेणं परवडायचं नाही. तेव्हा असं ठरलं, की तीनच प्रती मागवायच्या आणि आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं.

पहिल्या रविवारी अकरा जण आले. खुर्च्या सात होत्या, म्हणून वह्यांचे गठ्ठे बाजूला सारून सतरंजी टाकली. भांडण झालं, पण ते तिसऱ्या पानावर नव्हे, विसाव्या पानावर. नातवासाठी सातवीचं गाईड घ्यायला एक आजीबाई आल्या होत्या. त्यांनी गाईड घेतलं, पैसे दिले आणि पिशवी मांडीवर घेऊन दाराशीच बसल्या. वाचणारा एका लांबलचक वाक्यावर घाईघाईनं पुढे गेला, तर म्हणाल्या, "बापा, ते मघाचं पुन्हा वाच. माह्या ध्यानात नाही आलं." त्यानं ते पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं, की आमच्यापैकीही कुणाच्या ते नीट ध्यानात आलं नव्हतं.